शेवटच्या मोबाइलचा हिशेब

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णेचं पाणी घेऊन कावडी गांधीग्रामहून अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघतात. सुमारे १८ किलोमीटरचा तो रस्ता माणसांनी भरलेला असतो. अशा गर्दीत मोबाइलवर रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि तरी फोन लागत नाही, हा अनुभव आता कुणालाच नवा नाही. त्याच वऱ्हाडाच्या उत्तर टोकाला, मेळघाटातल्या कितीतरी कोरकू पाड्यांवर, नेमकी उलटी तऱ्हा. तिथे गर्दी नाही आणि दांड्याही नाहीत. फोन करायचा तर उंचवटा गाठावा लागतो. एकीकडे रेंज आहे पण सगळ्यांना पुरत नाही, दुसरीकडे ती पोचतच नाही. दुखणी वेगळी असली तरी नगरसेवकापासून खासदारापर्यंत जाणारं निवेदन एकच असतं. आणखी एक टॉवर मंजूर करा.

या निवेदनामागे एक गृहीत आहे. उंच जागी बसवलेलं एक यंत्र आणि त्याच्या भोवती पसरलेला त्याचा अंमल म्हणजे मोबाइलसेवा, असं आपण धरून चालतो. गेल्या चार दशकांत रेडिओ-अभियांत्रिकीत या गृहीताला पर्याय उभा राहिला आहे. अँटेना एकाच ठिकाणी रचायच्या, की लहान लहान करून लोकांच्या जवळ विखरायच्या आणि मागून तारेने एकत्र बांधायच्या, असा तो वाद. पहिल्या रचनेला केंद्रित आणि दुसरीला विखुरलेली म्हणू. माझ्या मते हा वाद एकट्या अभियंत्यांवर सोडण्यासारखा नाही. कोणती रचना चांगली हे मापावर ठरतं, आणि माप कोणतं घ्यायचं हा सार्वजनिक निर्णय आहे. सरासरी वेग मोजला, तर उंच टॉवर कमी खर्चात बाजी मारतो. सगळ्यात वाईट जागी असलेल्या माणसाच्या हाती काय पडतं हे मोजलं, तर विखुरलेली रचना पुढे जाते. मात्र त्याला एक अट आहे, आणि आपल्याकडे नेमकं त्या अटीकडेच दुर्लक्ष होतं.

आधी अंतराचं गणित. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहरीची शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते. घरं, झाडं, भिंती आड आल्या की घसरण आणखी तीव्र होते. दाट वस्तीत अंतर दुप्पट होताच शक्ती सोळाव्या हिश्श्यावर जाणं नेहमीचं आहे. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या जाड भिंती, खेड्यांतली धाब्याची मातीची घरं, नव्या वसाहतींतले काँक्रीटचे स्लॅब, सगळे आपापला वाटा कापून घेतात. ही तूट टॉवरची शक्ती वाढवून भरता येईल असं वाटतं, पण बोलणं दुतर्फा असतं. टॉवरवरचा रेडिओ दहावीस वॅट सहज ओततो; खिशातला ४-जी मोबाइल मात्र सर्वसाधारणपणे फार तर ०.२ वॅट टाकू शकतो. टॉवरचं म्हणणं मोबाइलला ऐकू येतं, मोबाइलचं टॉवरपर्यंत जात नाही. दांड्या दिसूनही फोन लागत नाही याचं गर्दीइतकंच हेही एक कारण आहे. मोबाइलचा आवाज वाढवायला बॅटरीची आणि आरोग्याच्या नियमांची मर्यादा आहे. तेव्हा ऐकणाऱ्यानेच जवळ यायचं, एवढाच मार्ग उरतो.

उंचीवर किती विसंबावं, याचा धडा चिखलदऱ्याला मिळतो. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर, म्हणजे अकोल्याच्या सपाटीपेक्षा जवळजवळ ८०० मीटर वर आहे. एवढ्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज, निव्वळ भूमितीने पाहिलं तर, १०० किलोमीटरच्याही पलीकडे जातं. त्या हिशेबाने चिखलदऱ्याच्या कड्यावरची अँटेना पूर्णेचं अख्खं खोरं ओलांडून अकोल्यापर्यंत नजर टाकू शकेल. पण त्याच कड्यामागे, चारसहा किलोमीटरवरच्या दरीत वसलेलं गाव तिला दिसणार नाही, कारण मध्ये डोंगराची सोंड आहे आणि सोंडेवर जंगल आहे. शिवाय दूरवर पोचणं म्हणजे सेवा देणं नव्हे. जुन्या २-जी तंत्रात टॉवर आणि फोन यांच्या वेळा जुळवण्याच्या पद्धतीमुळेच साधारण ३५ किलोमीटरची मर्यादा पडत असे. आणि एका अँटेनाच्या नजरेत जितकी जास्त गावं, तितक्या जास्त लोकांमध्ये तीच लहर वाटली जाणार. डोंगराळ मुलखात उंची आंधळी ठरते आणि गर्दीत ती अपुरी पडते.

मोबाइलची मूळ कल्पना खरं तर विखुरण्याचीच होती. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये मांडणी झाली, की एका शहराला एकच ताकदवान प्रक्षेपक देण्याऐवजी शहराचे लहान कप्पे पाडावेत आणि त्याच लहरी थोड्या अंतरावरच्या कप्प्यांत पुन्हा वापराव्यात. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना केलेला भारतातला पहिला मोबाइल कॉल याच रचनेवर गेला. पण प्रत्येक कप्प्याच्या आत पुन्हा एक टॉवर आणि त्याचा एकछत्री अंमल राहिला. कप्प्याच्या मध्यभागी राहणारा सुखी. कडेला राहणाऱ्याला आपल्या टॉवरचा आवाज क्षीण, आणि वर शेजारच्या कप्प्याचा गोंगाट. सरहद्दीवरच्या माणसाचं हे दुर्दैव तंत्रज्ञानाच्या प्रत्येक पिढीत कायम राहिलं. २-जी आलं, ३-जी आलं, ४-जी आलं, कडा तशीच राहिली.

कप्प्याच्या आतली मक्तेदारी मोडण्याचा विचार १९८७ मध्ये सालेह, रुस्टाको आणि रोमन या तिघांच्या शोधनिबंधात ठळकपणे आला. इमारतीच्या आत एकाच अँटेनाने कोनाकोपऱ्यापर्यंत पोचण्याऐवजी तीच सेवा अनेक लहान अँटेनांतून पाझरवावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. आज विमानतळ, मोठी रुग्णालयं, भुयारी मेट्रो यांच्या छतांत अशी यंत्रणा दडलेली असते. केंद्रित बाजूही स्वस्थ बसली नव्हती. २०१० मध्ये थॉमस मार्झेटा यांनी दाखवलं, की एकाच टॉवरवर अँटेनांची संख्या भरपूर वाढवली, तर लहर झोतासारखी नेमक्या ग्राहकाकडे वळवता येते आणि तीच लहर एकाच वेळी अनेकांना वापरता येते. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात आलेल्या ५-जीमध्ये टॉवरांवर ज्या पसरट पेट्या दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या आत ३२ किंवा ६४ वाहिन्यांची अशी रचना असते. गर्दीच्या चौकात हिचा उपयोग मोठा आहे आणि विखुरण्याच्या उत्साहात तो नाकारण्याचं कारण नाही. पण झोत कितीही नेमका असला, तरी तो निघतो एकाच जागेवरून. डोंगराच्या सोंडेला किंवा चार खोल्यांपलीकडच्या भिंतीला वळसा घालणं त्यालाही फारसं जमत नाही.

२०१७ मध्ये याच मार्झेटांचा सहभाग असलेल्या एका निबंधाने दोन्ही विचार एकत्र आणले. भरपूर अँटेना ठेवायच्या, पण एका टॉवरवर न रचता वस्तीभर पसरायच्या. कप्पेच रद्द करायचे, आणि सगळ्या अँटेनांनी मिळून प्रत्येक ग्राहकाची सेवा करायची. या निबंधात दोन गोष्टी विशेष होत्या. एक, त्याने सरासरी वेगावर भर न देता ९५ टक्के ग्राहकांना निदान किती वेग मिळतो, हे माप घेतलं. दोन, त्याने तुलना उंच टॉवरशी केली नाही; विखुरलेल्या पण एकमेकींशी न बोलणाऱ्या लहान अँटेनांशी केली. त्या गणितात जोडलेल्या अँटेनांनी सुट्या अँटेनांपेक्षा या मापावर साधारण पाच ते दहा पट चांगली कामगिरी दाखवली. अँटेना दोन्हीकडे पसरलेल्याच होत्या. फरक पडला तो त्यांच्या जुळणीने.

वर ज्या अटीचा उल्लेख केला ती हीच. विखुरणं म्हणजे केंद्र संपवणं नव्हे. अंग विखरायचं आणि मेंदू एकत्र ठेवायचा. याचं जगात मान्यता पावलेलं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटरचं अंतर आहे. एवढ्या व्यासाची एकच तबकडी कुणालाही बांधता येणार नाही, पण या ३० तबकड्यांचे संकेत फायबरने मध्यवर्ती केंद्रात आणून एकत्र गुंफले, की बारकावे टिपण्यापुरती ती २५ किलोमीटरची दुर्बीण होते. आकाशातले मंद स्रोत टिपणं आणि गावात इंटरनेट देणं ही कामं वेगळी आहेत, हे खरं. तरी रचनेचं तत्त्व एकच आहे. शिवाय तीत टिकाव आहे. दोन तबकड्या दुरुस्तीला काढल्या तरी काम चालतं. उलट पोर्तो रिकोतल्या अरेसिबोची ३०५ मीटरची एकसंध दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली, तेव्हा सगळंच संपलं.

गुंफण्याचं हे काम किती नाजूक आहे, तेही पाहायला हवं. भारतात ५-जीसाठी मुख्यतः वापरली जाणारी साडेतीन गिगाहर्ट्झची लहर लांबीला जेमतेम साडेआठ सेंटिमीटर असते. वेगवेगळ्या खांबांवरून निघालेल्या लहरी ग्राहकापाशी एकमेकींना बळ देणाऱ्या व्हायच्या, तर त्यांच्यातली चूक लहरीच्या लहानशा अंशापेक्षा जास्त चालत नाही. लहर एक सेंटिमीटर अंतर सुमारे ३३ पिकोसेकंदांत कापते, आणि सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर एक पिकोसेकंद होतो. सगळ्या अँटेनांची घड्याळं इतक्या बारकाईने जुळलेली लागतात. मागची तारही भरभक्कम हवी. ४-जीच्या एका साध्या, दोन अँटेनांच्या २० मेगाहर्ट्झ रेडिओतून ग्राहकांना कमाल १५० मेगाबिट मिळतात. पण त्या रेडिओचे कच्चे संकेत जसेच्या तसे केंद्राकडे न्यायचे, तर सुमारे अडीच गिगाबिटची वाट लागते. म्हणजे ग्राहकाच्या माहितीच्या सोळापट ओझं. अलीकडे काही काम अँटेनापाशीच उरकून हे ओझं कमी करतात, पण फायबर लागतोच.

अकोट-तेल्हाऱ्याच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींना खारं पाणी, म्हणून वान धरणातून ८४ खेडी योजनेची पाइपलाइन आली. तोट्या गावोगाव विखुरल्या, पाणी मात्र एका धरणाचं. अशा योजनेत गावात तोटी बसली म्हणून पाणी येत नाही. दाब शेवटच्या गावापर्यंत टिकला तर येतं. अँटेनांचंही असंच आहे. खांबावर पेटी बसवून फोटो काढणं सोपं असतं, तिच्यामागचा फायबर आणि वीज टिकवणं हे खरं काम.

मेळघाटातलं हरिसाल या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. धारणी तालुक्यातल्या या गावाला २०१६ च्या सुमारास राज्य सरकारने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट पोचवण्याची कल्पना या प्रकल्पाशी जोडलेली होती, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती मुळीच चुकीची नव्हती. त्या लांब लहरी झाडीतून आणि चढउतारांवरून आखूड लहरींपेक्षा बऱ्या जातात. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी हरिसालच्या दाव्यांवर व्यासपीठावरून प्रश्न उभे केले आणि गाव राज्यभर गाजलं. त्या राजकीय वादात कोण किती खरं, हा इथला मुद्दा नाही. मुद्दा असा, की एका गावाला नमुना करून ठेवण्याच्या कल्पनेतच केंद्रित विचार दडलेला आहे. दिवा एका जागी मोठा लावायचा आणि उजेड आपोआप पसरेल म्हणायचं. मेळघाटच्या भूगोलात उजेड दुसऱ्या दरीत उतरत नाही. तिथे दर दरीला आपला लहान खांब हवा, आणि तो खांब मागे कशाला जोडलाय हे आधी ठरायला हवं.

आता विखुरण्याविरुद्धचे आक्षेप. ते वऱ्हाडात पुस्तकी नाहीत. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, २०२० मध्ये तो ४७ अंशांवर गेला होता. अशा उन्हात प्रत्येक पेटी आणि प्रत्येक बॅटरी लवकर म्हातारी होते. पेट्या दहापट केल्या तर बिघाडही त्या प्रमाणात वाढतील. एका टॉवरपाशी जनरेटर ठेवता येतो, चाळीस खांबांपाशी नाही. काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यात पुरलेल्या नळ्यांना व तारांना ओढाताण सोसावी लागते. त्यात रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी आला की फायबर तुटतो, आणि एका तारेवर टांगलेल्या सगळ्या अँटेना एकदम मुक्या होतात. विखुरलेल्या रचनेची फायद्याची बाजू तिच्या निगेवर उभी आहे, आणि निगा हा आपल्या सार्वजनिक योजनांचा सर्वांत कच्चा भाग आहे.

हे आक्षेप मान्य केले, की उत्तर एकसाची राहत नाही. पूर्णेच्या सपाट खोऱ्यात, कपाशी आणि सोयाबीनच्या मोकळ्या शेतांमध्ये पसरलेल्या लहान गावांसाठी उंच टॉवर आणि खालच्या पट्ट्यातली लहर हीच शहाणी निवड आहे. तिथे आड येणारं फारसं काही नाही, ग्राहक विरळ आहेत, आणि दर शिवारात खांब उभे करणं म्हणजे पैसा उधळणं. अकोला शहरात गांधी रोड, टिळक रोड, जठारपेठ अशा भागांत, रेल्वे स्थानकावर, सर्वोपचार रुग्णालयासारख्या मोठ्या इमारतीत चित्र पालटतं. वीज हाताशी, फायबर जवळ, ग्राहक दाट आणि भिंती जाड. तिथे विखुरणंच योग्य. आणि मेळघाटात ते परवडतं म्हणून करायचं नाही, दुसरा उपाय चालत नाही म्हणून करायचं.

पण बाजाराची चाल नेमकी उलट आहे. कंपनी शहरात पेट्या वाढवते कारण तिथे पैसा परत येतो. मेळघाटात वाढवत नाही कारण येत नाही. यात कंपनीला दोष देण्याचं कारण नाही, तो तिचा हिशेब आहे. म्हणून तर सार्वजनिक पैसा लागतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, ती सेवा नसलेल्या २४,६८० गावांना बीएसएनएलमार्फत ४-जी देण्यासाठी. प्रश्न आहे तो गाव ‘जोडलं गेलं’ कधी म्हणायचं याचा. टॉवर उभा राहिला आणि चौकात रेंज आली, की कागदावर गाव जोडलं जातं. दरीच्या उतारावरचा पाडा मात्र त्याच महसुली गावाच्या नावाखाली आकड्यात हरवतो. हाच दोष नियमनातही आहे. २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनी सेवा दीर्घकाळ बंद पडल्यास भरपाईची तरतूद केली, हे चांगलं झालं. पण तिचं एकक जिल्हा आहे. अमरावती जिल्हा चालू असताना धारणीचा एक कोपरा आठवडाभर गप्प राहिला, तर जिल्ह्याच्या आकड्यात त्याची नोंद होणं कठीण.

दुसरा प्रश्न मालकीचा. शहरात प्रत्येक कंपनीने आपापले खांब आणि आपापला फायबर टाकायचा ठरवलं, तर रस्ता चार वेळा उकरला जाईल आणि खर्च चौपट होईल. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२२ मध्ये रस्त्यावरचे दिव्यांचे खांब, बस-थांबे यांचा लहान अँटेनांसाठी उपयोग करण्याच्या शिफारशी केल्या. १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे, म्हणजे तारा आणि खांबांसाठी जागा वापरू देण्याचे, नवे नियम लागू झाले. महानगरपालिकेला यात निव्वळ परवानगी देणाऱ्या बाबूची भूमिका घेऊन चालणार नाही. खांब आणि नळी सामायिक असावी, तिच्यावर कोणत्याही कंपनीला सारख्याच भाड्याने बसता यावं, अशी अट पालिकाच घालू शकते. ग्रामीण भागात भारतनेट आणि राज्याच्या महानेटमधून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचा खटाटोप झाला आहे. तो फायबर कार्यालयातल्या एका पेटीत संपवून टाकायचा, की तिथून पाड्यापाड्यावरच्या अँटेनांना खुला करायचा, यावर त्या खर्चाचं चीज ठरेल.

अँटेना घराजवळ येणार म्हटलं की किरणांची भीती पुढे येते. ती हसण्यावारी नेऊ नये, पण तिचं गणित तपासावं. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. शिवाय मोबाइल आपली शक्ती अंतरानुसार कमीजास्त करतो. अँटेना दूर असेल तर कानाला लावलेला फोन पूर्ण जोराने ओरडतो, जवळ असेल तर कुजबुजतो. टॉवर हटवा म्हणून मोर्चा काढणारी वसाहत बहुतेक वेळा स्वतःच्या कानाशी जास्त किरणं मागून घेत असते.

तेव्हा सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक कामाचं माप बदलावं, एवढी माझी सूचना आहे. निविदेत टॉवरांची संख्या आणि सरासरी वेग लिहिण्याऐवजी, ठरलेल्या हद्दीतल्या सर्वांत कमजोर पाच टक्के जागांवर निदान किती वेग मिळाला पाहिजे, ते लिहावं. जागा कंत्राटदाराने निवडू नयेत. ग्रामसभेने निवडाव्यात, घराच्या आतल्या निवडाव्यात, आणि मोजणी पावसाळ्यात झाडी ओली असताना एकदा व उन्हाळ्यात वीज जात असताना एकदा व्हावी. टॉवर उंच करायचा की दहा खांब लावायचे, हे मग कंत्राटदाराने ठरवावं. सपाटीवर तो आपोआप टॉवर निवडेल आणि दरीत खांब. दोन्ही मोजण्या पार पडल्याशिवाय शेवटचं बिल निघू नये, आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे दर वर्षी त्याच जागांवर पुन्हा मोजूनच द्यावेत. ही अट आली, की केंद्रित आणि विखुरलेल्या रचनांचा वाद निविदेपुरता मिटतो, आणि मागचा फायबर कोण सांभाळणार या प्रश्नाचं उत्तर काम सुरू होण्याआधीच द्यावं लागतं.